फाल्गुनातला धबधबा

जालन्याला फोटो काढायला गेले होते असं सांगितलं, की पुण्यातली माणसं आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग विचारतात, "जालन्यात काय आहे फोटो काढण्यासारखं?" या प्रश्नाचा मला राग येत नाही, कारण परवापर्यंत माझंही मत तेच होतं. माझं बालपण तिकडचं, शाळा तिकडची, आई अजून तिकडेच. आपल्या गावात बघण्यासारखं काही नसतं हे आपल्याला फार लवकर पटतं. यंदा होळीनंतरचे चार-पाच दिवस मी गळ्यात कॅमेरा अडकवून त्याच मुलखात पायी हिंडले. हौस म्हणून नाही. पैज लागली होती, आणि पैज आईशी होती.

आई बहात्तर वर्षांची. जुन्या जालन्यात दोन खोल्यांत एकटी राहते. गेल्या वर्षभरात दोनदा दूध उतू जाऊन पातेलं जळलं, एकदा ती बाजारातून येताना दुसऱ्याच गल्लीत शिरली. दादा आणि मी, दोघंही पुण्यात. तिला पुण्याला माझ्याकडे आणायचं आम्ही ठरवलं; ठरवलं म्हणजे आमच्या आमच्यात. त्यात दिवाळीला सगळे जमलेले असताना तिनं नातवंडांना सांगितलं, की तुमचे आजोबा आष्टीच्या पुढे एका खेड्यात शाळामास्तर होते, तिथं ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी मोठा धबधबा पडायचा आणि त्यातून पळसाची फुलं वाहत यायची. जालना जिल्ह्यात, फाल्गुनात, धबधबा! आधी नातवंडं हसली, मग आम्ही. दादानं मोबाईलवर नकाशा काढून दाखवला: बघ, इथे ना नदी, ना डोंगर. आई उठून आत गेली. दादा मला हळूच म्हणाला, "बघितलंस? आता हिला एकटं ठेवणं बरोबर नाही." मीही मान हलवली.

होळीला गेले तेव्हा मी न विचारताच तिची बॅग माळ्यावरून काढली. आई दारात उभी राहून बघत होती.

"नंदे, थांब जरा. माझं डोकं चालत न्हाई असं वाटतं तुम्हाला. बराबर?"

मी बॅगेवरची धूळ झटकत राहिले.

"मंग असं कर. मी तीन गोष्टी सांगते, त्या कुठं हायेत ते सांगते. तू जाऊन फोटू काढून आण. पायी जायचं, गाडीतून काई दिसत न्हाई. सापडल्या तर मी हितंच राहीन, अन् पुन्हा माझ्या बॅगीला कुणी हात लावायचा न्हाई. न्हाई सापडल्या तर तू म्हणशील तिथं येते. बिलकुल तोंड उघडणार न्हाई."

वेशीच्या कमानीतले पोपट, राजूरच्या रस्त्यावरचा पिवळा पळस, आणि धबधबा. दादाला फोन केला तर त्यानं लगेच नियम घातले: तीनपैकी दोन सापडायला हव्यात, आणि फोटो असेल तरच धरायचं. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर पैज आपणच जिंकणार याची मला खात्री होती.

वेशीपाशी

जालना सोन्याचा पाळणा, असं जुनी माणसं म्हणतात. आता सोनं कुठे दिसत नाही. लोखंडाचे कारखाने दिसतात, बियाण्यांची गोदामं दिसतात, आणि मधून कुंडलिका वाहते, म्हणजे पावसाळ्यात वाहते. पण सकाळी साडेसहाला, दुकानांची शटर्स खाली असताना, जुनं गाव अजून झोपेतच असतं. रस्त्यावर धुळवडीचा गुलाबी रंग उरला होता. एक बाई दारात सडा टाकत होती आणि तो रंग पुन्हा ओला होऊन वाहायला लागला होता. मी पहिला फोटो त्याचा काढला. पैजेत तो धरला जाणार नव्हता, तरी काढला.

वेशीची कमान नदीच्या अंगाला आहे. शाळेत जाताना मी रोज तिच्याखालून गेले आहे आणि एकदाही मान वर केलेली नाही. आईनं सांगितलेलं मला पाठ होतं: नदीकडे तोंड करून उभं राहायचं, डाव्या हाताला, वरून तिसरं भोक. मी मान वर करून मोजलं. तिसऱ्या भोकात काही नव्हतं. खालच्यांत कबुतरं होती. अर्धा तास गेला. कमानीच्या पायथ्याशी कुलपं दुरुस्त करणारे एक चाचा आपली पेटी मांडत होते. ते माझ्याकडे बघून हसले.

"काय शोधून राह्यल्या बाई?"

"पोपट. इथं राहतात म्हणे."

"राहतेत की. पर बसा. ऊन कमानीत शिरल्याबगैर ते बाहेर येत न्हाईत. लई आळशी जात हाय."

त्यांनी पेटीखालचं पोतं अर्धं माझ्याकडे सरकवलं. समोरच्या गाड्यावरून चहा आला. पुण्यात मी अशी पोत्यावर बसले असते तर कोणी तरी ओळखीचं निघालं असतं आणि संध्याकाळपर्यंत बातमी सोसायटीत पोहोचली असती. इथं कोणी वळूनही पाहिलं नाही. ऊन आधी कमानीच्या माथ्यावर आलं, मग हळूहळू एकेक दगड खाली उतरत गेलं. कमानीचा काळा दगड मधासारखा झाला. आणि मग दगडातून एक हिरवं डोकं बाहेर आलं. मग दुसरं. पोपट बाहेर येऊन भोकाच्या कडेला बसले, पंख ताणले, एकमेकांच्या माना खाजवल्या आणि कर्कश ओरडत नदीवरून निघून गेले. मी नुसती क्लिक करत राहिले.

"पण हे दुसऱ्या भोकात आहेत चाचा. आई तिसरं म्हणाली होती."

चाचांनी चष्मा वर केला. "तुमच्या आई बराबर बोलल्या. वरचं एक डागडुजी केली तवा बुजवलं. पैले हेच तिसरं होतं."

मी पुन्हा मान वर केली. सगळ्यात वर सिमेंटचा एक पांढुरका गोल डाग होता. घरी जाऊन मी आईला एवढंच सांगितलं, की सापडले. ती तांदूळ निवडत होती, तिनं मानही वर केली नाही. "सापडणारच," म्हणाली.

राजूरचा रस्ता

दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती. चतुर्थीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला पायी जातात, हे जालन्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते की अंतर पंचवीस किलोमीटर आहे आणि बरेच जण अनवाणी जातात. मी बूट घालून निघाले, तेही नवीन. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जालना असो की पुणे, लांब चालायला नवे बूट घालू नयेत एवढं शाळकरी पोरालाही कळतं. दहा किलोमीटरवर मी ते काढले, नाड्या बांधून खांद्यावर टाकले आणि बाकीच्यांसारखी झाले.

पहाटेच्या अंधारात माणसं दिसत नव्हती, नुसती पावलं ऐकू येत होती. हळूहळू उजाडलं तशी शेतं वर आली. गव्हाची कापणी चालली होती. कुठल्या तरी मोसंबीच्या बागेतून उरल्यासुरल्या फुलांचा वास येत होता. तो वास रस्त्याच्या एका वळणापुरता यायचा आणि पुढच्या वळणावर सुटायचा. मग बांधांवरचे पळस दिसायला लागले. पान एक नाही, नुसतं केशरी. सूर्य अजून वर आलेला नव्हता, तरी ती झाडं उजळलेली वाटत होती. मी रस्ता सोडून शेतात शिरत होते, फोटो काढत होते, आणि परत येईपर्यंत सोबतची माणसं बदललेली असत.

एक सोबत मात्र टिकली. सुमनबाई नावाच्या, माझ्याच वयाच्या. शेत राजूरकडे, मुलाच्या नोकरीमुळे आता जालन्यात. त्या माझ्यासाठी थांबायच्या. वाटेत एका मांडवात चालणाऱ्यांना साबुदाण्याची उसळ आणि केळी देत होते. आम्ही बसलो. त्यांनी माझ्या टाचेला आलेले फोड पाहिले.

"कशासाठी चालून राह्यल्या?"

"आईसाठी."

"बिमार हाय का?"

"नाही. म्हणजे, ते कळायचंय."

"आईसाठी चालताव, मंग गणपती ऐकतोच," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या वाटचं केळं माझ्या हातावर ठेवलं. मी ते केळं नुसतं सोलत राहिले. गणपतीनं ऐकायचं म्हणजे नेमकं काय ऐकायचं? आईचं खरं ठरू दे, की खोटं ठरू दे? मी घरातून निघाले होते ते ती खोटी ठरावी म्हणूनच.

आईची खूण अशी होती: राजूरचा कळस दिसायच्या आधी उजव्या हाताला पडकी बारव, आणि बारवेच्या काठावर पिवळ्या फुलांचा पळस. बारव सापडली, पायऱ्यांवर गवत वाढलेलं. तिच्या काठापर्यंत नवा रुंद सिमेंटचा रस्ता आलेला होता. झाड नव्हतं. रस्त्यापलीकडे रसवंती होती, चरकाला बांधलेली घुंगरं वाजत होती. रसवंतीवाल्याला विचारलं.

"पिवळा पळस? होता ना. रस्ता रुंद केला तवा गेला. लोकं कुठून कुठून पाहाया यायचे, ओळीनं गाड्या थांबायच्या."

"कोणाकडे फोटो आहे?"

त्यानं ऊस चरकात घातला. "झाडाचा कोण फोटू काढतं बाई? असतं तवर असतंच की."

मी त्या मोकळ्या जागेचा फोटो काढला. बारव, रस्त्याची कड आणि वरचं आभाळ. दादाला फोन लावला. तो म्हणाला, "रसवंतीवाल्याची साक्ष धरत नाहीत. फोटो नाही म्हणजे नाही. एक-एक." नियम मीच कबूल केलेला, आता बोलणार काय? आपलेच दात आणि आपलेच ओठ. मंदिरात गर्दी फार होती. मूर्तीपुढे मला दोन सेकंद मिळाले, आणि त्या दोन सेकंदांत मी काहीच मागितलं नाही.

आष्टीच्या पुढे

तिसरा दिवस रंगपंचमीचा. आईनं सकाळी धपाटे बांधून दिले आणि खुणा सांगितल्या: एसटीनं जाऊन आष्टीला उतरायचं, मारुतीपासून पायी सरळ, दोन कोस, मग लिंबाच्या तीन झाडांपासून डावीकडे. "तू झोळीत असायचीस," म्हणाली. "धुणं धुवेस्तोवर तुला पळसाला टांगायची. पाण्याच्या आवाजानं गपगार झोपायचीस." मी विचारलं, की नदी कुठली, ओढा कुठला? ती म्हणाली, "नदी कशाला पायजे? धबधबा हाय ना." मला तिची दया आली. ती दया आठवली की आता लाज वाटते.

आष्टीच्या बाजारात पोरांनी गाठलंच. मी कॅमेरा पदराखाली घेतला, पण एक पिचकारी बरोबर काचेवर बसली. पुसून पुसून काच स्वच्छ झाली असं वाटलं. नंतर कळलं की कोपऱ्यात गुलाबी डाग राहिला होता आणि पुढचे सगळे फोटो तो डाग घेऊनच आले.

फोडांवर कापूस बांधून मी चालत होते. दुपारची वेळ, वारा नाही, लांबवर रस्त्यावर पाणी असल्यासारखं दिसायचं आणि जवळ गेलं की नसायचं. लिंबाची तीन झाडं आली. डावीकडे वळले, चढ चढले, आणि समोर कालवा.

कालवा मी मनात धरलाच नव्हता. पैठणकडून येणारा, मातीचे उंच बांध असलेला, आणि पूर्ण कोरडा. तळातल्या चिखलाला भेगा पडलेल्या. एका जागी कालव्याची जमीन एकदम खाली जाते, तिथं सिमेंट-दगडाची एक भिंत, दीडेक पुरुष उंच. भिंतीखाली खोलगट कुंड, कुंडात काही दगड, दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि तीन शेळ्या. काठावर पळसाची रांग, सगळी फुललेली. म्हणजे जागा होती, पळस होते. पाणी मात्र थेंबभर नव्हतं.

मी फोटो काढला. कोरडी भिंत, कुंडातले दगड, शेळ्या. मोबाईलवर घेऊन दादाला पाठवला. लगेच फोन आला. "झालं की मग. उद्या सकाळी तिला घेऊन निघ, मी स्टँडवर येतो." त्याच्या आवाजात आनंद नव्हता, मोठं काम हातावेगळं झाल्याची सुटका होती. मी जिंकले होते. पळसाखाली बसून धपाटा सोडला आणि तसाच परत बांधून ठेवला. आई आता एक शब्द न बोलता माझ्या घरी येईल, मी दिलेल्या खोलीत राहील, मी ऑफिसला गेल्यावर चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसेल आणि पुन्हा कधीच कोणाला काही सांगणार नाही. हे सगळं मला त्या झाडाखाली अगदी स्पष्ट दिसलं, आणि रडू आलं.

"कशाचा फोटू काढून राह्यल्या?" मागून आवाज आला.

खांद्यावर फावडं, डोक्याला उपरणं, साठीच्या आसपासचा माणूस. कालव्याचं पाणी कुठे किती सोडायचं ते बघणारा पाटकरी. मुंजाभाऊ नाव.

"धबधब्याचा," मी चिडून म्हणाले. "नसलेल्या."

"मंग आज कशाला काढता? उद्या काढा."

"उद्या काय होणार आहे?"

"पाळी सुटली न्हवं का वरून. चार दिवस झाले पाणी सोडून. काल सांजच्याला वरच्या पाटकऱ्याचा फोन आल्ता. उद्या नऊ-धा वाजता पाण्याचं तोंड हितं येतंय." त्यांनी भिंतीकडे हनुवटी केली. "मंग पाहा म्हणावं धबधबा. आवाज पार वस्तीवर जातो. गेल्या पाळीला तर कपडे धुणाऱ्या बायांनी उभं राह्याला जागा ठेवली नव्हती."

उन्हाळी पिकांसाठी ठरल्या दिवसांनी धरणातून पाणी सोडतात, तीच ही पाळी. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी कालवा नवा होता, आणि माझी आई इथं धुणं धुत होती. दादाच्या नकाशात नदी नव्हती, कारण नदी नव्हतीच.

दादाला फोन करून सांगितलं, की मी थांबतेय. तो वैतागला. "आजचा फोटो आहे ना? फोटो म्हणजे फोटो. उगाच पाय दुखवून घेऊ नकोस." त्याचं चुकत नव्हतं. माझ्या कॅमेऱ्यात पुरावा होता, तारखेसकट. तो घेऊन संध्याकाळच्या गाडीनं निघाले असते तर कोणी मला खोटं म्हटलं नसतं. मी फोन पिशवीत टाकला आणि मुंजाभाऊंना विचारलं, गावात राहायला कुठे मिळेल?

"आमच्याकडं. दुसरीकडं कुठं?" ते म्हणाले.

त्यांच्या घरी त्यांच्या बायकोनं, कौसाबाईंनी, येसराची आमटी, ज्वारीची भाकरी आणि कैरीचा तक्कू वाढला. मी कोण, कुठली, हे जेवण होईपर्यंत त्यांनी विचारलंच नाही. नंतर माझे पाय बघून हळद आणि तेल गरम करून आणलं. मी नको नको म्हणत होते, त्या लावत होत्या.

पाण्याचं तोंड

सकाळी मुंजाभाऊंनी मला कालव्याच्या बांधावरून उलट दिशेला नेलं. "पाणी येताना पाहायचं तर त्याला सामोरं जावं लागतं. अन् मला संगं चालावंच लागतं, दारापाशी कचरा अडकतो, तो काढाया." चारेक किलोमीटर गेल्यावर एका पुलावर बसलो. कोरड्या कालव्यात उन्हाची तिरीप होती. काही घडत नव्हतं. मी घड्याळ बघायला लागले.

"पी हळद अन् हो गोरी असं पाण्याचं नसतं बाई," मुंजाभाऊ म्हणाले. "बगळ्याकडं पाहा."

आधी बगळे आले. दहा, वीस, मग सगळा कालवा पांढरा करून टाकतील इतके. ते उडायचे, थोडं पुढे येऊन बसायचे, टिपायचे, परत उडायचे. मग त्यांच्या पायांशी जमीन हलतेय असं वाटलं. मुंग्या, रातकिडे, सरडे, भेगांतून निघून पुढे पळत होते, आणि त्यांच्यामागून पाणी येत होतं.

मी खळाळतं, स्वच्छ पाणी कल्पिलं होतं. हे पाणी मातकट होतं, वीतभर उंच, आणि माणसाच्या चालीनं चालत होतं. पुढ्यात वाळली पानं, काटक्या, फेस, आणि वरच्या सगळ्या बांधांवरून गळलेली पळसाची फुलं. भेग आली की थांबायचं, भेग पिऊन घ्यायची, चर्र असा आवाज व्हायचा, मग पुढे निघायचं. आम्ही बांधावरून त्याच्या बरोबरीनं चाललो. मी अनवाणीच होते. पाणी थांबलं की आम्ही थांबत होतो. मुंजाभाऊ खाली उतरून दारातला पालापाचोळा ओढून काढत, मी फोटो काढत असे, आणि पुन्हा तिघंही चालायला लागत असू. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मला वाटत होतं की मी पूर्वीही अशीच चालले आहे, आणि ते खरंही असेल, झोळीत.

शेतात पाणी सोडायच्या दारांशी माणसं उभी होती, फावडी घेऊन. पाणी समोर आलं की काही जण नुसता हात लावून कपाळाला लावत. धबधब्याच्या भिंतीपाशी कौसाबाई आणि पाच-सात बाया धुण्याची गाठोडी घेऊन बसलेल्या. पाण्याचं तोंड भिंतीच्या कडेला आलं आणि थांबलं. मागून पाणी साचत गेलं, फुलं एका जागी गोळा झाली, कडेला केशरी काठ तयार झाला. कौसाबाईंनी पुढे होऊन पाण्याला हळद-कुंकू वाहिलं. एक थेंब पडला. मग एक धार. मग सगळा काठ एकदम सुटला, आणि फुलं, पानं, फेस, पाणी, सगळं खाली कोसळलं.

कॅमेऱ्याची बॅटरी संपत आली होती. बगळ्यांवर निम्मी उधळली होती ना. सात-आठ फोटो निघाले आणि पडदा काळा झाला. बरं झालं. मग मी नुसती पाहत बसले. खाली कुंड भरत होतं, दगड बुडत होते, बाया ओरडून एकमेकींना काही सांगत होत्या आणि ऐकू काहीच येत नव्हतं. आई खरं बोलत होती. मी पैज हरले होते आणि मला इतका आनंद झाला होता की मी मोठ्यानं हसत होते.

घरी

जालन्याला पोहोचले तेव्हा दिवस मावळत होता. आईनं गॅसवर दूध ठेवलं होतं. मी तिथेच ओट्याशी उभी राहून कॅमेऱ्याला चार्जर लावला आणि तो तसाच तिला दिला. धबधब्याचे फोटो तिनं पाहिले, मान हलवली. "हे गुलाबी काय?" विचारलं. रंगपंचमी, म्हटलं.

"मी कालव्याचा म्हणलं न्हाई का? मला वाटलं तुम्हाला ठाऊक हाय. अजून हाय का फोटू?"

एक होता. तो दाखवायचा नव्हता, पण तिनंच बोटानं मागे सरकवला. कोरडी भिंत, कुंड, शेळ्या. तिला हरवायला काढलेला. तिनं तो मोठा केला, चष्मा पुसला, आणखी मोठा केला.

"ह्यो बघ. ह्या दगडाला भोक हाय, दिसलं? साबण ठेवायचे मी त्यात. पाणी असल्यावर दिसत न्हाई ते, पाण्याखाली जातं. हाताला लागायचं फक्त." तिनं बोट पडद्यावरच्या त्या भोकावर टेकवलं. "बाई, हाय की गं अजून."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी तिचा खांदा धरला.

"नंदे, तुम्ही हसला ना दिवाळीला, तवापासून मलाच भरोसा राह्यला नव्हता. रात्री पडल्या पडल्या म्हणायचे, धबधबा होता का आपणच मनानं केला? तुला धाडलं ते पैजेसाठी न्हाई. मलाच पाह्याचं होतं."

जळकट वास आला तेव्हा भानावर आलो. दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली चाललं होतं, आणि त्याच्या हातभर अंतरावर मी उभी होते. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आधी ती हसली.

ओटा पुसून झाल्यावर ती म्हणाली, "मंग? पुण्याला कवा निघायचं?"

"कशाला? तू जिंकलीस."

"म्हणूनच. हारले असते तर तू मला नेलं असतं. आता मी येते. आठ दिवस. तुझ्या दादालाबी फोटू दाखवते. मंग आणून सोडायचं."

मी उठून तिची बॅग ओढली, तर म्हणाली, "हात लावू नको." बॅग तिनं स्वतः भरली.